साडेसातची गुटी

मास्क तोंडावर ठेवायला मी वाकले आणि मला वेखंडाचा वास आला.

टेबलावर सात महिन्यांची पल्लवी होती. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला, मधून हिरडी दिसणारी. रडून रडून दमली होती आणि हुंदके देत माझ्याकडेच बघत होती. मी मास्क बाजूला ठेवला आणि तिच्या तोंडाजवळ नाक नेलं. वेखंड होतंच, मागे जायफळही होतं.

"चला, वैजयंती," डॉक्टर खासनीस म्हणाले. हातमोजे चढवून, दोन्ही हात छातीशी धरून ते उभे होते.

"सर, हिला काहीतरी दिलंय."

"उपाशी आहे म्हणून तूच कागदावर सही केलीस ना?"

"केली. पण हिच्या तोंडाला वास येतोय."

"नाकानं निदान करायची सवय तुला कधी लागली?"

सर चेष्टा करत होते, पण त्यांचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे होते. दहाला पाच कमी होते. मी पल्लवीला टेबलावरून उचललं, खांद्यावर घेतलं आणि बाहेर निघाले. मागून सर काय म्हणाले ते मी ऐकलं नाही, आणि ते बरंच झालं.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याण्णवची. मी तेव्हा मिरजेत भूल देण्याचं काम करत होते, शिकून बाहेर पडले त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. जतच्या पलीकडे एका ट्रस्टचा बारा खाटांचा दवाखाना होता. तिथे वर्षातून एक दिवस खासनीस सर पुण्याहून येत आणि फाटक्या ओठाच्या मुलांची ऑपरेशनं फुकट करत. त्या वर्षी सात मुलं होती. दोन झाली होती, पल्लवी तिसरी. सरांना दुपारी दोनला जीपनं निघून मिरजेहून पुण्याची गाडी गाठायची होती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे सहा पेशंट टेबलाची वाट बघत होते. म्हणजे वेळ पुढे सरकवायला जागाच नव्हती.

मुलं आदल्या दिवशीच आयांसकट येऊन व्हरांड्यात मुक्कामाला होती. पहाटे तीननंतर काही द्यायचं नाही, असं सिस्टर पवळेंनी प्रत्येकीला दोन-दोनदा बजावलं होतं. पावणेआठला मी स्वतः यादी घेऊन फिरले होते. "बाळाला काही खायला-प्यायला दिलं?" सगळ्यांनी मान हलवली होती. "न्हाई."

मला बघून पल्लवीची आई सिंधू ताडकन उठली. वीस-एकवीस वर्षांची, काटकुळी पोरगी. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "काय झालं हो बाई? जिती हाय न्हवं?"

"काही झालं नाही. अजून सुरुवातच केली नाही. सिंधू, खरं सांग, हिला काय दिलंस?"

"काय न्हाई. तीनला वाटीनं दूध पाजलं. त्याच्या म्होरं पाण्याचा थेंब न्हाई. लेकराची आण."

"मग तोंडाला वास कसला?"

"वास?" शेजारी बसलेली तिची सासू हौसाबाई एकदम हसली. "त्यो व्हय? गुटी चाटवली की तिला!" असं म्हणून तिनं गाठोडं सोडलं आणि माझ्यापुढे एकेक जिन्नस मांडायला लागली. वाटीएवढी सहाण, वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, हिरडा. एका पुडीत बदाम आणि खारीक. "आईच्या दुधात उगाळलीया. अंग धुतल्याबिगर आनि गुटी चाटवल्याबिगर ऱ्हात न्हाई मी एक दिस. आज तर सुरीखाली जायाचं होतं लेकराला."

"पण काही द्यायचं नाही असं सांगितलं होतं ना?"

"व्हय. आनि दिलं कुठं काय?"

तिच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेशही नव्हता. मी सिस्टर पवळेंकडे बघितलं. पंचवीस वर्षं नोकरी झालेली बाई, पण तिनंही नजर खाली घातली. "मी बघितलं होतं मॅडम त्यांना उगाळताना. म्हटलं, गुटीच तर आहे."

रागावणार कोणावर? माझ्या घरी सात महिन्यांचा मुलगा होता. त्याला मी रोज सकाळी गुटी उगाळून देत होते. मलासुद्धा कोणी विचारलं असतं, पोराला काही खायला-प्यायला दिलं का, तर मीही नाहीच म्हणाले असते. गुटी हे खाणं नाही आणि पिणंही नाही, ती गुटी असते. भुलेवरची जाडजूड पुस्तकं वाचून ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती.

मग मला दुसरी गोष्ट सुचली. मी व्हरांड्याच्या मधोमध उभी राहिले. "आज सकाळी बाळाला कोणीकोणी गुटी दिली? हात वर करा."

आत जायचे राहिलेले आणखी चौघे होते. दोन मोठी मुलं आणि दोन तान्ही. तान्ह्यांच्या दोन्ही आयांनी हात वर केले. एकीनं तर दुसऱ्या हातानं पदर सावरत, हसत हसत केला.

सर दारात येऊन उभे होते. हातमोजे काढलेले होते. मी त्यांना सहाण दाखवली.

"चमचाभर असेल," ते म्हणाले. "आईच्या दुधातली. म्हणजे दूधच. दुधाच्या हिशेबानं चार तास उपाशी ठेव."

"यात बदाम आहे, सर. खारीक आहे."

"उगाळलेली आहे. पातळ आहे ना?"

"दिसायला पातळ आहे. पोटाला काही ते पातळ वाटत नाही. बदामाचा कीस तो कीसच. मी याला घन धरणार. सहा तास."

"घन!" सरांनी डोक्याला हात लावला. "पाच किलोच्या पोरीच्या पोटातला अर्धा चमचा, आणि म्हणे घन."

"भुलेत तोच अर्धा चमचा वर आला आणि फुप्फुसात गेला तर, सर?"

तो माणूस तापट होता, पण वाईट नव्हता. ते म्हणाले, "ठीक आहे. मोठी दोन मुलं आधी घेऊ. मग ज्यांचे सहा तास भरतील ती. पण दोनला मी निघणार. जो राहील तो पुढच्या वर्षी."

मी वेळा लिहून घ्यायला बसले. पहिली म्हणाली सहाला. दुसरीही सहालाच. "म्हणजे तुमचं बाराला होईल," मी त्यांना सांगितलं. हौसाबाई ऐकत होती. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण हिशेब तिनं क्षणात केला.

"आमी पाचला दिली," ती म्हणाली. "चांगलं अंधारात उठून."

मी पाच लिहिलं. पाचाचे अकरा होतात. पल्लवीचा नंबर दोन्ही तान्ह्यांच्या आधी लागला असता.

"साडेसातला," सिंधू म्हणाली.

"गप गं!"

"साडेसातला दिली, बाई. तुमी यादी घिऊन आलासा त्याच्या जरा आधी. मी वाटी धुवाया गेल्ते."

हौसाबाईनं सुनेकडे डोळे वटारून बघितलं. "तुला कळतंय का काय बोलतीस ते? शेवटाला लागंल नंबर. तुजं मामंजी येक डाव हो म्हणालेत, पुन्यांदा म्हणतील? गिराणात भाजी चिरलीस, तवाच ह्यो भोग लागला. आता पोरीला जन्मभर असंच ठिवणार हायेस?"

सिंधू माझ्याकडे बघून म्हणाली, "पाच म्हणलं तर चाललं असतं का हो?"

"नाही," मी म्हणाले. "पाच म्हटलं असतंस तर अकराला मी तिला भूल दिली असती."

"मग साडेसातच ल्ह्या."

साडेसातचे दीड. मी पाच खोडून साडेसात लिहिलं. ग्रहण आणि ओठ यांचा काही संबंध नसतो, हे हौसाबाईला सांगायला तोंड उघडलं होतं, पण आतून सिस्टरनं हाक मारली.

दोन मोठी मुलं झाली. पाच वर्षांच्या पोरानं मास्क बघून मला शिव्या घातल्या, त्याही चांगल्या कमावलेल्या. एरवी मी हसले असते. पण त्या दिवशी डोक्यात एकच गोष्ट घोंघावत होती. व्हरांड्यात हात वर करायला सांगितले तेव्हा एक आई तिथे नव्हती. सकाळचं पहिलं बाळ तान्हंच होतं. छाया नावाच्या मुलीचा सहा महिन्यांचा सागर. ती त्याला घेऊन आतल्या खोलीत होती. दुसरा पेशंट चार वर्षांचा होता, त्याला गुटीचा प्रश्नच नव्हता.

त्या दोन ऑपरेशनांच्या मध्ये दहा मिनिटं मिळाली. मी आतल्या खोलीत गेले. सागर झोपला होता, ओठावर बारीक टाके, श्वास संथ. छाया त्याच्याकडे बघत बसली होती. तिला दुसरं काही दिसतच नव्हतं.

"छाया, सकाळी याला गुटी दिली होतीस?"

"दिली की. सातला." तिनं मान वर करून मला विचारलं, "आता परत कवा देऊ?"

"मी सांगेन," असं म्हणून मी खोलीबाहेर आले. सातला गुटी आणि आठला मी त्याला झोपवला होता. व्हरांड्याच्या खांबाला टेकून मी उभी राहिले.

सरांना हे सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर सर काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. एका तासावर भूल दिली आणि काही झालं नाही ना, मग बाकीच्यांना कशाला ताटकळत ठेवतेस? असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण दुसरं होतं, पण त्याच्याकडे मी वळूनही बघितलं नाही.

पल्लवीला तीन वाजल्यापासून दूध नव्हतं. मी सिंधूला साखरेचं पाणी द्यायला सांगितलं. साडेअकरापर्यंत, चमच्यानं.

"साखरपानी चालतंय आनि गुटी न्हाई?" हौसाबाई करवादली. "कुठलं म्हणायचं ह्ये शास्तर?"

मी स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं, साखर ढवळली आणि तिच्यासमोर धरली. "वाटीचा तळ दिसतोय? तळ दिसतो ते चालतं. गुटीच्या वाटीत तळ दिसतो का?"

ती वाटीत बघत राहिली. मग चमचा तिनंच उचलला. सिंधूनं मात्र तिच्या हातातून तो काढून घेतला. "द्या आत्ती. मी पाजते." सूनबाई सासूच्या हातातून काही काढून घेते आहे, हे बहुधा त्या घरात पहिल्यांदाच घडत असावं.

साडेअकरानंतर तेही बंद केलं. मग पल्लवीनं जो सूर लावला तो मला टेबलापाशी ऐकू येत होता. आईच्या कडेवर असली की दुधाच्या वासानं जास्तच रडायची, म्हणून सिंधूनं तिला सिस्टरकडे दिलं आणि स्वतः लांब जिन्यावर जाऊन बसली. तिचं पोलकं पुढून ओलं झालं होतं. माझंही झालं होतं, हिरव्या गाऊनखाली, आणि कोणाला दिसत नव्हतं एवढंच. आत बाराला एक बाळ टेबलावर घेतलं, एकला दुसरं. त्याला रक्त जरा जास्त गेलं, टाके घालायला वेळ लागला. ते संपलं तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती.

सरांनी गाऊन काढला. बाहेर जीपवाल्यानं भोंगा वाजवला.

"सर, एक राहिलीय."

"वैजयंती, घड्याळ बघ. पाऊण तासाचं काम. गाडी चुकली तर तिकडची सहा माणसं उद्या उपाशी परत जातील."

"हिचे सहा तास भरलेत. तिकडच्यांना उद्याऐवजी परवा बोलवता येईल. हिला पुढच्या वर्षी कोणी पाठवणार नाही."

"त्याला मी काय करू? सांगितलेलं असताना गुटी दिली. चूक आईची आहे."

ते इतक्या सहज बोलले, आणि त्यात खोटं असं काही नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढे सिंधू साडेसात म्हणताना आली आणि मला स्वतःची शिसारी आली.

"आईची नाही सर. चूक माझी आहे."

"तुझी कशी?"

"सकाळच्या पहिल्या बाळाला पण गुटी दिली होती. सातला. आणि मी आठला भूल दिली."

सरांचा हात शर्टाच्या बटणावरच थांबला. "हे तुला आत्ता कळलं?"

"अकराच्या सुमाराला कळलं. छायाला विचारलं तेव्हा." इथेही थांबता आलं असतं. पण एकदा तोंड उघडल्यावर थांबवेना. "पण वास सकाळीच आला होता. मास्क ठेवतानाच आला. मी रोज माझ्या मुलासाठी उगाळते सर, माझ्या बोटांना तो वास कायम असतो. मला वाटलं, माझ्याच हाताचा. बरं वाटलं मला, घरची आठवण आली. तशीच मी त्याला भूल दिली. पल्लवीच्या वेळी पुन्हा आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी काल संध्याकाळपासून इथे आहे. आज मी कुठे गुटी उगाळली?"

सरांनी बटण सोडलं आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"सागर वाचला तो नशिबानं. पल्लवीची मात्र खरी वेळ तिच्या आईनं सांगितली. सासू पाच म्हणत होती, मी पाच लिहिलंही होतं. पाच म्हटलं असतं तर तिचं ऑपरेशन कधीच होऊन गेलं असतं. आज सगळ्या दिवसात ती एक बाई नुकसान सोसून खरं बोलली, आणि नेमकं तिलाच आपण परत पाठवतोय."

बाहेर भोंगा पुन्हा वाजला. सरांनी खिडकीतून हात बाहेर काढून जीपवाल्याला काहीतरी खूण केली, ती मला कळली नाही. मग ते नळापाशी गेले, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत साबण लावायला लागले.

"आण तिला," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "आणि पहिल्या बाळाची छाती ऐकून ये आधी. दोन्ही बाजू. नीट."

मी धावत जाऊन ऐकली. स्वच्छ होती. मग पल्लवीला घेतलं. मास्क ठेवण्याआधी मी सिंधूला सगळ्यांसमोर पुन्हा विचारलं, एकेक नाव घेऊन. दूध, पाणी, गुटी, मध, साखर, अंगारा. प्रत्येक नावाला ती नाही म्हणत गेली. शेवटी हौसाबाई पुढे झाली. "माज्याकडनं बी काय न्हाई, बाई," ती म्हणाली. "तिनं मला शिवूच दिलं न्हाई पोरीला." त्यात तक्रार होती, आणि सुनेविषयी थोडा आदरही होता.

पाऊण तासाचं काम सरांनी चाळीस मिनिटांत केलं. त्यांची गाडी चुकली. पल्लवीला बाहेर नेलं तेव्हा सिंधू तिच्याकडे किती तरी वेळ नुसती बघत राहिली. ओठ सुजलेला होता, टाक्यांवर रक्ताचे ठिपके होते, पण तो एक ओठ होता. मग तिनं तोंडात पदर कोंबला आणि मोठ्यानं रडायला लागली. हौसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "आता कशाला रडतीस येडे, आता कशाला?" असं म्हणत तीही रडत होती.

पाचला आम्ही निघालो. सर जीपमध्ये पुढे बसून पेंगायला लागले होते. त्या दुपारबद्दल ते मला पुढे कधी काही बोलले नाहीत. दर वर्षी शिबिराला मात्र मलाच बोलवत राहिले. आयांना काय काय विचारायचं त्याची नावानिशी यादी मी केली होती, ती अजून तिकडच्या दवाखान्यांत वापरतात. तरुण डॉक्टर मला विचारतात, मॅडम, गुटीचं तुम्हाला कसं सुचलं? मी पल्लवीची गोष्ट सांगते.

सागरची सांगत नाही.

त्या दिवशी पाचला मी जीपमध्ये पाय ठेवणार तेवढ्यात मागून हाक आली होती. छाया होती. सागरला कडेवर घेऊन ती धावत आली होती, अनवाणीच. जवळ येऊन तिनं बाळाला माझ्या हातात दिलं, खाली वाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"तुमच्यामुळं लेकरू माणसात आलं, बाई," ती म्हणाली. "देवावानी हायसा तुमी."

तिला सांगायला हवं होतं. सरांना सांगितलं होतं तेच, चार वाक्यांत. ज्याच्या जिवावर बेतलं असतं ते बाळ माझ्या हातात होतं आणि त्याची आई पायाशी होती. मी तिला खांद्याला धरून उठवलं. तिच्या डोळ्यांत इतका आनंद होता की माझी जीभ उचलली नाही.

"काळजी घे त्याची," एवढंच मी म्हणाले, बाळ तिच्याकडे दिलं आणि जीपमध्ये चढले.

सिंधू तिथेच व्हरांड्याच्या पायरीवर पल्लवीला चमच्यानं दूध पाजत बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.